जेसीबी सांगण्याआधी टेप धरा

पत्र :

माझं सासर बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं. गावाच्या मध्यावर कदंबांच्या काळातलं देऊळ आहे आणि त्याच्या आवारात पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. आमचा वाडा देवळाच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला, म्हणजे शंभरी नक्की उलटली. जोतं जांभ्या चिऱ्यांचं, भिंती मातीच्या, खांब सागवानी, वर कौलं. यंदाच्या पावसात परसूकडची भिंत खचली. तेव्हापासून माझे दीर म्हणतात, आता सगळंच पाडू आणि स्लॅबचं दुमजली घर बांधू. मुलांचंही तेच. कंत्राटदार म्हणतो, पंचायतीचं पत्र असलं की बास. दिवाळी झाली की जेसीबी यायचा आहे. शेजारी सांगतात, शंभर वर्षांचं घर पाडायला सरकार परवानगी देत नाही, तेव्हा गुपचूप रात्रीत पाडून मोकळे व्हा. एक व्यापारी येऊन दिंडीदरवाजा आणि ओसरीचे चार कोरीव खांब मागून गेलाय. मी काही बोलले की ‘तुला जुन्याचं वेड’ असं ऐकावं लागतं. नियम नेमका काय आहे? डागडुजी तरी करता येईल का? आणि मी घरच्यांना उगाच आडवी येतेय का?

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा पेन्सिलीचा नकाशा त्याहून जास्त वेळा पाहिला. तुम्ही कुणाला आडव्या येत नाही आहात. घरातल्या सगळ्यांचं मोठं नुकसान व्हायच्या बेतात आहे आणि ते थांबवायला तुम्ही एकट्याच उभ्या आहात, असं मला दिसतं. दिवाळीनंतरचा जेसीबी आजच रद्द करायला सांगा. दिरांना कारण सांगाल तेव्हा ‘वाडा जुना आहे’ असं सांगू नका. ‘देवळात निळा फलक आहे’ असं सांगा.

तुमच्या शेजाऱ्यांनी दोन शंभरांची गल्लत केली आहे. एक शंभर वर्षं, दुसरे शंभर मीटर.

आधी वर्षांचं बघू. प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा. किमान शंभर वर्षं उभी असलेली आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलेच्या दृष्टीनं महत्त्वाची वास्तू त्या कायद्यात ‘प्राचीन स्मारक’ या व्याख्येत बसू शकते. पण व्याख्येत बसणं वेगळं आणि संरक्षित होणं वेगळं. सरकारनं अधिसूचना काढून ती वास्तू संरक्षित म्हणून जाहीर करावी लागते. नुसत्या वयानं घर सरकारच्या ताब्यात जात नाही आणि घर शंभरीचं आहे एवढ्यावरून ते पाडायला बंदीही येत नाही. तसं असतं तर बेळगावच्या शहापुरात, गणपत गल्लीत, रामलिंगखिंड गल्लीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे वाडे गेले ते गेले नसते. त्यातला एक आमचा होता, त्याबद्दल पुढं सांगतो. तेव्हा रात्रीत गुपचूप पाडण्याचा सल्ला ज्या भीतीपोटी आला, ती भीतीच चुकीची आहे.

खरी गोष्ट मीटरांची आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून सगळ्या दिशांना शंभर मीटरपर्यंतचा पट्टा ‘निषिद्ध क्षेत्र’ ठरतो आणि त्यापुढचे दोनशे मीटर ‘नियंत्रित क्षेत्र’. निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम चालत नाही. नियंत्रित क्षेत्रात ते परवानगी घेऊन करता येतं.

आता जे सांगतो ते दिरांना, मुलांना आणि कंत्राटदाराला समोर बसवून वाचून दाखवा. कायद्यानं दुरुस्ती, पुनर्बांधणी आणि नवं बांधकाम या तीन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या आहेत. आहे त्या घरात केलेले बदल म्हणजे दुरुस्ती आणि नूतनीकरण. जुनं घर होतं त्याच लांबी-रुंदी-उंचीचं पुन्हा उभं करणं म्हणजे पुनर्बांधणी. निषिद्ध शंभर मीटरांत १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल, तर त्याच्या मालकाला दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. पुनर्बांधणीसाठी करता येत नाही. तशीच्या तशी, एक वीतही न वाढवता बांधतो म्हटलं तरी नाही. पुनर्बांधणीचा अर्ज फक्त पुढच्या दोनशे मीटरांतल्या माणसाला आहे.

म्हणजे तुमचा वाडा शंभर मीटरांच्या आत असेल आणि जेसीबीनं तो सकाळी दहाला पाडला, तर दुपारी बारा वाजता तुमच्याकडे घर नसेल आणि घर बांधायचा हक्कही नसेल. उरेल फक्त मातीचा ढीग पडलेली एक रिकामी जागा. पाडताना कदाचित कुणी येणारही नाही. येतील ते पाया भरताना. निषिद्ध क्षेत्रात बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. नियंत्रित क्षेत्रात विनापरवाना केलं तरी तेवढीच.

आणि पाडलं काय, पडलं काय, नियम तोच. म्हणून खचलेल्या भिंतीची सोय याच आठवड्यात करा. त्या भिंतीवर जी तुळई टेकलेली आहे तिला लाकडी टेकू द्या. टेकूच्या बुडाला आणि माथ्याला जाड फळी घाला, नाहीतर तो ओल्या जमिनीत रुततो. भिंतीच्या उघड्या भागावर ताडपत्री बांधा, ती खोली रिकामी करा आणि मुलांना तिकडं फिरकू देऊ नका. टेकू आणि ताडपत्री म्हणजे बांधकाम नव्हे, त्याला कुणी हरकत घेणार नाही. काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, एका फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरा. तलाठ्याला सांगून पावसानं झालेल्या पडझडीचा पंचनामा करून घ्या. भिंत होती, ती पावसानं पडली आणि आम्ही तीच दुरुस्त करतोय, हे पुढं दाखवायला त्या कागदासारखा दुसरा पुरावा नाही.

आता अंतर. तुमच्या नकाशावर दिरांनी लिहिलंय, ‘देवळापासून घर १३० पावलं, म्हणजे बाहेर’. पाऊल म्हणजे मीटर नव्हे, ताई. साधारण माणसाचं पाऊल मीटरभर पडत नाही. १३० पावलं म्हणजे शंभर मीटरांच्या अलीकडंच कुठंतरी. शिवाय त्यांनी मोजलंय ते गाभाऱ्याच्या दारापासून आणि गल्लीच्या वळणानं. मोजायचं असतं ते संरक्षित हद्दीच्या कडेपासून आणि सरळ रेषेत. ही हद्द अधिसूचनेत आणि तिच्या नकाशात दिलेली असते, त्यामुळं कधी कधी ती आवाराच्या भिंतीच्याही बाहेर असते. गल्ली दोनदा वळते तिथं चालत अंतर जास्त भरतं, सरळ रेषेत बरंच कमी. तुमचा नकाशा बघून मला तरी वाडा शंभराच्या आत वाटतो. पण माझ्या वाटण्याला किंमत नाही, लेखी कागदाला आहे.

तो कागद मिळवण्याआधी फलक नीट वाचा आणि त्याचा फोटो काढा. खाली ‘भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण’ असेल तर स्मारक केंद्राचं आणि वर सांगितलेले शंभर-दोनशे मीटर लागू. आपल्या भागातल्या केंद्र-संरक्षित स्मारकांचा कारभार धारवाड मंडळाकडून चालतो. फलक कर्नाटक राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा असेल तर राज्याचा १९६१ चा कायदा लागतो आणि कुठल्या हद्दीत काय चालतं हे त्याच खात्याकडून लेखी विचारून घ्यावं लागतं. लोक हा फरक बघत नाहीत आणि भलत्याच कचेरीत तीन-तीन महिने खेटे घालतात. कुणी दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. प्रश्न दोनच विचारा. या स्मारकाच्या संरक्षित हद्दीचा नकाशा आणि अधिसूचनेची प्रत द्या. आणि या स्मारकासाठी वारसा उपविधी तयार झाले आहेत का, असतील तर त्यांची प्रत द्या. प्रत्येक स्मारकाच्या परिसरासाठी असे उपविधी करायची तरतूद २०१० च्या दुरुस्तीतच आहे. दर्शनी बाजू, छप्पर, उंची कशी असावी, हे त्यात लिहिलेलं असतं.

परवानगीचा अर्ज ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. कर्नाटकात हे काम राज्याच्या पुरातत्त्व, वस्तुसंग्रहालये आणि वारसा खात्याकडे आहे आणि त्या खात्याचं मुख्यालय मैसूरला आहे. घाबरू नका, अर्ज ऑनलाइन करता येतो. तिथून तो पंधरा दिवसांत दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत मत कळवायचं आणि ते मिळाल्यावर महिन्याभरात निर्णय द्यायचा, अशा मुदती कायद्यात आहेत. प्रत्यक्षात एखादा कागद कमी पडला की घोडं अडतं. पण आत्ता अर्ज गेला तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत हातात काहीतरी पडावं. मातीच्या भिंतीचं काम तसंही थंडी सरल्यावर आणि मिरगाच्या आत करायचं असतं.

अर्जाला १९९२ च्या आधीचा पुरावा लागेल. इथं आपल्या सीमाभागातल्या माणसाला एक फायदा आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. १९५६ च्या आधी आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळं जुने उतारे, खरेदीपत्रं, वाटणीपत्रं मराठीत असतात, त्याआधीची मोडीत. सासूबाईंच्या पेटीत तांबड्या फडक्यात बांधलेला गठ्ठा असेल तर तो उघडा. मोडी वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका, मोडी वाचणारी माणसं बेळगावात अजून आहेत. घरफाळ्याच्या जुन्या पावत्या आणि वीजजोडणीचा पहिला कागद शोधा. घराच्या दारात काढलेला जुना लग्नाचा फोटो असेल तर तोही जोडा. पंचायतीकडून ई-स्वत्तूचा, म्हणजे संगणकावरच्या मिळकत-नोंदीचा, नमुना ९ काढून घ्या. त्यावर मालक म्हणून कुणाकुणाचं नाव आहे ते बघा.

मालकीवरून एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या नणंदांना कुणी विचारलंय का? वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्क कर्नाटकात १९९४ सालापासून आहे. देशभर तो २००५ ला आला, आपल्याकडे अकरा वर्षं आधी. १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली राज्याच्या त्या कायद्यात बसत नव्हत्या, पण २००५ च्या दुरुस्तीनं ती अट उरली नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. अर्जावर, पाडण्याच्या ठरावावर, व्यापाऱ्याच्या सौद्यावर त्यांची सही नसेल तर उद्या कोर्टात सगळंच अडकेल. कायदा बाजूला ठेवला तरी त्या त्याच ओसरीवर लहानाच्या मोठ्या झाल्यात. त्यांना एक फोन करा. तुम्ही एकट्या नाही, हे घरातल्यांनाही कळेल.

पंचायतीच्या पत्राबद्दल कंत्राटदार अर्धंच बोलतोय. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बांधायला पंचायतीची परवानगी लागते, हे १९९३ च्या पंचायत कायद्यात आहेच. पण ती एक परवानगी झाली. केंद्राच्या कायद्यानं जे बंद केलंय ते पंचायत खुलं करू शकत नाही. उद्या काम थांबवायची नोटीस आली तर ती घरमालकाच्या नावानं येईल, कंत्राटदाराच्या नव्हे. पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना भेटा आणि ‘आमचं घर स्मारकाच्या किती अंतरावर आहे हे बघूनच परवानगी द्यावी’ असा अर्ज देऊन पोच घ्या. तुमच्याच घराविरुद्ध अर्ज दिल्यासारखं वाटेल, पण तुम्ही घर वाचवताय.

या सगळ्यात बरेच कागद कन्नडमध्ये असतील. मराठी घरांतल्या बायकांनी न कळलेल्या कन्नड कागदांवर केलेल्या सह्यांची किती प्रकरणं मी पाहिलीत, सांगत बसलो तर सदर पुरायचं नाही. जो कागद कुणीतरी ओळीन् ओळ वाचून दाखवला नाही त्यावर सही करू नका, मग समोर घरचा माणूस असो की साहेब. तक्रार किंवा गाऱ्हाणं मांडायचं असेल तर राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं तुम्हाला ते राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क आहे, मराठीतही. माझा व्यवहारी सल्ला मात्र असा, की नेहमीचा अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत करा म्हणजे टेबलावर अडून राहणार नाही, आणि त्याची मराठी प्रत स्वतःजवळ ठेवा. हक्काची लढाई वेगळी लढू. खचलेली भिंत तोवर थांबायची नाही.

आता दुरुस्तीकडे येतो, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आमचं शहापूरचं घर असंच होतं, सांगली संस्थानच्या अमलातलं. मागच्या भिंतीला ओल आली म्हणून चुलत्यांनी गवंड्याला सांगून तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दिसायला छान, गुळगुळीत. मातीची भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडते, तिला श्वास लागतो. सिमेंटनं तो कोंडला. जोत्यातून चढलेली ओल आतच राहिली, माती आतल्या आत लोण्यासारखी झाली, तुळयांची भिंतीतली टोकं कुजली. चौथ्या पावसाळ्यात भिंत उभीच्या उभी बसली. वरून तोवर काहीच दिसत नव्हतं. त्यानंतर घर पाडायचंच ठरलं, आणि मी शिकत होतो त्या वयात मला थांबवताही आलं नाही. म्हणून तुमच्या गवंड्यानं सिमेंटचं पोतं उघडलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मातीच्या भिंतीला मातीच लागते. पडलेल्या भिंतीचीच माती चाळून घ्या, तिच्यात भाताचं तूस किंवा बारीक तोडलेला पेंढा मिसळा, भिजवून आठवडाभर मुरू द्या आणि रोज तुडवा. मग हातभर उंचीचा थर घालायचा, तो नीट सुकू द्यायचा आणि त्यावर पुढचा. घाई केली की भिंत स्वतःच्याच वजनानं फुगते. बाहेरून चुन्याचा गिलावा. चुना आधी विरवून मुरवलेला हवा. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत तुमच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याला अजून आठवत असेल. त्याला हाताखाली दोन पोरं देऊन बसवा, त्यांनाही विद्या मिळेल.

पण त्याआधी भिंत का खचली ते शोधा. नकाशात परसूकडं पन्हाळ दाखवलेली नाही. म्हणजे कौलांवरून येणारं पागोळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं जोत्याशीच पडतंय. खानापूरचा पाऊस काय असतो ते तुम्हाला मी काय सांगावं! पागोळ्यांखाली चिऱ्यांचा उतार करून पाणी घरापासून लांब काढा. तेवढ्यानं निम्मं दुखणं जाईल. कौलं खानापूर भागाला नवी नाहीत, इथली माती त्यासाठी नावाजलेली, आणि कुंभारकामाची खादी-ग्रामोद्योगाची संस्थाही खानापुरातच आहे. फुटकी कौलं बदलून सगळी परतून घ्या आणि वाशांना वाळवी बघा.

मुलांना नवं घर कशासाठी हवंय ते नीट विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, आतलं न्हाणीघर-संडास, कोरडी झोपायची खोली, उजेड, फोनला रेंज. यातलं रेंज सोडलं तर सगळं जुन्या वाड्यात करता येतं. निषिद्ध क्षेत्रात परसूत नवी खोली काढता येणार नाही, पण रिकाम्या गोठ्यात आहे त्याच भिंतींच्या आत न्हाणीघर करणं हे नूतनीकरणात बसतं. तसं ते अर्जात आणि नकाशात दाखवा. माजघरात दोन कौलांच्या जागी काचेची कौलं घातली की दिवसा दिवा लावावा लागत नाही. मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायची कल्पना मात्र कुणी मांडली तर लगेच मोडून काढा. ते घर माणसांवर पडेल.

दिरांचंही मला पटतं, हे त्यांना सांगा. दर वर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही आणि पावसात रात्री उठून भांडी मांडायची ती त्यांनाच. देऊळ देशाचं, पण ते जपायचा भार मागच्या गल्लीतल्या घरांनी सोसायचा, आणि त्या बदल्यात सरकार त्यांच्या भिंतीला चुनादेखील देत नाही. हा नियम मोडावा असं मी कधीच म्हणणार नाही, पण तो एकतर्फी आहे. स्मारकाच्या सावलीत राहणाऱ्यांना दुरुस्तीसाठी अनुदान मिळायला हवं, निदान मैसूर आणि दिल्लीऐवजी खानापुरातच कागद पुरे व्हायला हवेत. दिरांना मोठं घर हवंच असेल तर तीनशे मीटरांच्या पलीकडं, गावाबाहेरच्या रस्त्याला त्यांची जागा आहे का बघा. शेतजमीन असेल तर आधी बिगरशेती करून घ्यावी लागेल, १९६४ च्या महसूल कायद्याचं ९५ वं कलम. तिथं त्यांनी हौसेनं दुमजली बांधावं. वाडा राहू दे, दोघांचं भागेल.

‘जुन्याचं वेड’ म्हणणाऱ्यांना कधी बेळगावात रिसालदार गल्लीत घेऊन जा. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला आले तेव्हा आधी तिथं भाटे वकिलांच्या घरी उतरले होते. गल्लीतलं चारचौघांसारखं राहतं घर ते. ते टिकलं म्हणून आज रामकृष्ण मिशननं जपलेलं स्मारक आहे. तिथून किल्ल्यात जा. कमलबस्ती हे जैन मंदिर बघा, रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्याच्या काळात त्याच्या मंत्र्यानं १२०४ मध्ये बांधलेली. छताचं दगडी कमळ मान वर करून बघताना मुलं गप्प होतील. तुमच्या गावचं देऊळही त्याच सुमाराच्या कारागिरांच्या पिढ्यांचं. त्याच्या पाठीशी कौलारू घरांची रांग आहे म्हणून ते अजून गावातलं वाटतं.

व्यापाऱ्याला नाही म्हणा, आणि लवकर म्हणा. शंभर वर्षांहून जुन्या इमारतीतून काढलेली वस्तूसुद्धा पुरावस्तू धरली जाते, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात तसं लिहिलंय. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. त्याच्याकडे परवाना मागा, बहुतेक पुन्हा फोन येणार नाही. आणि व्यवहाराचं बोलायचं तर ते चार खांब शोभेचे नाहीत, ओसरीचं सगळं आढं त्यांच्यावर उभं आहे. खांब गेले की वाडा ‘आपोआप’ पडला असं म्हणायची सोय होते. हा सौदा कुणाच्या डोक्यातून आला, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ओळखाल.

पत्राचा जो शेवट इथं छापलेला नाही, त्यात तुम्ही सहज लिहिलंय, की परसूत विहिरीपाशी कपडे धुवायचा जो दगड आहे त्याच्या खालच्या बाजूला घोडा आणि माणसं कोरल्यासारखं लागतं. ताई, तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड असू शकतो. दोन-तीन गड्यांच्या मदतीनं अलगद उलटा करा, पहार वापरू नका. साबण-सोडा, तारेचा ब्रश, तेल-शेंदूर काही लावू नका, नुसत्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं माती काढा. खाली अक्षरं असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, म्हणजे ती उठून दिसतात. तो दगड तिथून दुसरीकडं नेऊ नका, कुणाला देऊ नका, आणि ज्या खात्याचा फलक देवळात आहे त्या खात्याला फोटोसकट कळवा. भिंतीच्या पायाशी खणताना मातीखालून आणखी काही निघालं तर काम तिथंच थांबवून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, त्यासाठी कर्नाटकात १९६२ चा वेगळा कायदा आहे. फोटो मलाही पाठवा. कपडे धुवायला दुसरा दगड बघा तोवर.